गाडीनं लेहला निघताय? या चुका टाळा

शाळांना सुट्ट्या लागल्या की जळगाव, धुळे, अमळनेरकडून एकच प्रश्न येतो. "भाऊ, गाडी घेऊन लेहला चाललो. जाताना मांडू, आग्रा, मनालीला एखादं शिखर, दहा दिवसांत परत. जमेल ना?" नाही जमणार. धुळ्याहून नुसती मनालीच दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. पंधरा दिवस निघत नसतील तर लेह सोडा आणि मनाली-लाहौल नीट बघा. मेच्या सुरुवातीला तर निघूच नका. 2020 मध्ये अटल बोगदा झाल्यापासून लोकांना वाटतं की रस्ता बारमाही झाला. बोगद्यामुळे रोहतांग खिंड टळते, पुढची बारालाचा खिंड टळत नाही, आणि तिथला बर्फ मेमध्येही अनेकदा वाट अडवतो.

सरचूला मुक्काम

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती दरवर्षी होते. मनाली साधारण 2,050 मीटरवर, लेहच्या वाटेवरचं सरचू 4,290 मीटरवर. सकाळी मनालीहून निघायचं आणि रात्री सरचूच्या तंबूत झोपायचं, म्हणजे एका दिवसात सव्वादोन हजार मीटर. तिथं श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो. आपण तापीकाठची माणसं, दोनशे-अडीचशे मीटरवर वाढलेली.

माझा पुतण्या मित्रांसोबत गेला होता. सरचूच्या आधीच्या जिस्पाला थांबा म्हणून निघताना बजावलं होतं. पण दुपारी तीनलाच जिस्पा आलं, उजेड आहे तर पुढे जाऊ असं ठरलं. गाडी चालवणारा रोज जिमला जाणारा गडी. संध्याकाळी त्याचं डोकं ठणकायला लागलं, जेवण उलटून पडलं. सगळे म्हणाले, प्रवासाचा शीण आहे, झोपू दे. पहाटे तो लघवीला उठला आणि तंबूच्या दोरीपर्यंत सरळ चालू शकेना, दारू प्यायल्यासारखे पाय पडत होते. असा तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण. तिथून पुढे एकच इलाज : खाली उतरवणं.

सरचूचा खरा सापळा इथंच आहे. तिथून लवकर उतरताच येत नाही. मागे वळलात तर आधी बारालाचा चढावा लागतो, जवळपास 4,890 मीटर. पुढे गेलात तर गाटा लूप्सची चढती वळणं आणि त्यावरच्या खिंडी. पोरांनी तंबूवाल्याचा ऑक्सिजन सिलिंडर लावून उजाडताच बारालाचा ओलांडला आणि केलाँगचं रुग्णालय गाठलं. तो वाचला. मात्र त्याच तंबूत सकाळपर्यंत "झोपू दे" चाललं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

माझी सवय सांगतो. मी श्रीनगर-कारगिलमार्गे चढतो आणि मनालीमार्गे उतरतो. श्रीनगर 1,600 च्या आत, कारगिल 2,700 च्या आसपास, मग लेह 3,500. शरीराला पायरी पायरीनं सवय होते. मनालीकडूनच जायचं असेल तर जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढा आणि दुसऱ्या टप्प्यात पहाटे निघून थेट लेह गाठा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. लहान ऑक्सिजनचे डबे चार-दोन मिनिटांचे, त्यांच्या भरवशावर उंची चढू नका.

न्यूट्रलवर घाट उतरणं

पेट्रोल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रल करणारे अजून आहेत. याचा मला मनापासून राग येतो. जुलै 2023 मध्ये आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि कितीतरी घरं उजाड झाली. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. जळका वास आला तर थांबा, पण चाकांवर पाणी मारू नका. परतताना इंदूरला रात्र झाली तर तिथंच झोपा. "आता घर आलंच" म्हणत बिजासन घाट रात्री उतरण्यात शहाणपण नाही.

"अस्तंभा चढलोय, शिखर काय अवघड?"

धनत्रयोदशीला अस्तंभ्याला जाणाऱ्यांचे पाय दणकट असतात, हे मान्य. पण सातपुड्यातला अस्तंभा 1,325 मीटर. सोलंगजवळचं पाटलसू 4,200 च्या घरात आहे, तिथं पायाआधी दम जातो. मनालीत दोन-तीन दिवस राहून मगच वर जा. फ्रेंडशिप पीक (5,289 मीटर) तर क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटांना लावायचे खिळे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) हाताळता येत असेल तरच. प्रशिक्षण घ्यायचं तर मनालीतच गिर्यारोहण संस्था आहे. व्हिडिओ बघून निघणाऱ्यांना मी सोबत नेत नाही.

बाकीचं थोडक्यात. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. मांडूला निदान एक पूर्ण दिवस द्या, नाहीतर जाऊच नका. केलाँगच्या अलीकडच्या तांदीच्या पंपावर टाकी फुल्ल केल्याशिवाय पुढे सरकू नका. बिबडे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी न्या. भरीत पहिल्याच मुक्कामाला संपवा. आणि आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून गाडीत निदान एक पोस्टपेड नंबर असू द्या आणि तोच घरी लिहून ठेवा.