बंद पडलेल्या संगणकातून एन्क्रिप्टेड फायली कशा काढायच्या

संगणक बंद पडला की आजूबाजूचा प्रत्येक जाणकार सांगतो, 'विंडोज नव्याने टाक, डी ड्राइव्हला काही होत नाही.' फायली साध्या असतील तर खरंच काही होत नाही. एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय न उघडणाऱ्या असतील तर मात्र याच सल्ल्याने त्या कायमच्या जाऊ शकतात. कारण ईएफएसने (विंडोजची एकेक फाईल एन्क्रिप्ट करणारी सोय) बंद केलेल्या फायली डी वर असल्या तरी त्यांची किल्ली सी वर, तुमच्या यूझर प्रोफाईलमध्ये असते. सी फॉरमॅट मारलात की किल्ली गेली. तेव्हा तूर्त विंडोजला हात लावू नका.

१. डिस्क बाहेर काढा. यूएसबी एन्क्लोजरमध्ये (डिस्क बाहेरून जोडायची डबी) घालून चालू संगणकाला जोडा. 'फॉरमॅट करायची आहे का?' असं विचारलं तर रद्द करा. डिस्क टकटक वाजत असेल तर लगेच वीज तोडा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्या. नुसती अडखळत असेल तर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यू या साधनाने पूर्ण इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) घ्या, मॅपफाईल (कुठवर वाचलं याची नोंद) देऊन, म्हणजे मध्येच थांबलं तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. डिस्क ठणठणीत असली तरी आधी क्लोन (तशीच दुसरी डिस्क) करा आणि पुढचं सगळं क्लोनवर. (ॲपलची टी२ किंवा त्यानंतरची चिप असलेल्या मॅकचा हा मार्ग नाही. तिथे किल्ली चिपमध्येच असते, म्हणून मदरबोर्ड दुरुस्त करावा लागतो.)

२. कुलूप कोणतं ते ओळखा. अख्ख्या ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह असेल तर बिटलॉकर (विंडोजची अख्खी ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारी सोय). ड्राइव्ह उघडते, फायलींची नावं दिसतात, पण फाईल उघडायला गेलं की परवानगी नाकारली जाते आणि आयकॉनवर छोटं कुलूप (जुन्या विंडोजमध्ये हिरवं नाव) दिसतं, तर ईएफएस. दोन्ही असतील तर आधी बिटलॉकर.

३. बिटलॉकर. ४८ अंकी रिकव्हरी की शोधा: मायक्रोसॉफ्ट खात्यात, ऑफिसच्या आयटी विभागाकडे, एखाद्या पेन ड्राइव्हवर किंवा छापील कागदावर. स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवा, अंक टाका, ड्राइव्ह उघडेल. विंडोजच्या होम आवृत्तीवरही उघडते. ड्राइव्हची रचनाच बिघडली असेल तर रिपेअर-बीडीई ही आज्ञा आहे, पण ती ज्या डिस्कवर लिहिते तिथलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामी डिस्क द्या. ना पासवर्ड, ना रिकव्हरी की अशी स्थिती असेल तर 'सॉफ्टवेअरने काढून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

४. ईएफएस. घोडं पेंड खातं ते इथे, आणि माझं चांगले दोन आठवडे खाल्लं होतं. परवानगी नाही म्हटल्यावर मी सगळ्यांसारखं फोल्डरची मालकी स्वतःकडे घेतली, सगळे हक्क दिले. फायली तशाच बंद. मग नव्या संगणकावर त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं केलं. तरीही बंद. हे दोन्ही सल्ले आजही सर्रास दिले जातात आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. मालकी घेणं म्हणजे तिजोरी आपल्या नावावर करून घेणं. किल्ली त्याने मिळत नाही. आणि विंडोज खातं नावावरून ओळखतच नाही, त्याच्या एसआयडीवरून (खात्याचा अंतर्गत ओळख क्रमांक) ओळखतं. नवं खातं, नवा एसआयडी.

आतली रचना अशी. प्रत्येक फाईलची वेगळी किल्ली असते. ती तुमच्या सर्टिफिकेटच्या (ईएफएससाठी विंडोजने तुमच्या नावे बनवलेली किल्ल्यांची जोडी) सार्वजनिक किल्लीने बंद केलेली असते आणि उघडायला खासगी किल्ली लागते. ती खासगी किल्ली प्रोफाईलमध्ये, ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमधल्या मायक्रोसॉफ्ट फोल्डरात असते: क्रिप्टो, प्रोटेक्ट आणि सिस्टमसर्टिफिकेट्स. त्यावर शेवटचं कुलूप आहे तुमच्या जुन्या लॉगिन पासवर्डचं. म्हणजे हे तीन फोल्डर आणि जुना पासवर्ड हाताशी असेल तर आशा आहे. विंडोज आधीच पुन्हा टाकून बसला असाल तर विंडोज डॉट ओल्ड फोल्डरात जुनं प्रोफाईल आहे का ते आजच बघा. विंडोज १० आणि ११ तो १० दिवसांनी आपोआप उडवतात.

सर्टिफिकेटची पीएफएक्स फाईल (खासगी किल्लीसह घेतलेला बॅकअप) ठेवली असेल तर ती डबल-क्लिक करून इम्पोर्ट करा, काम झालं. सीईआर फाईल असेल तर ती चालणार नाही; तिच्यात खासगी किल्ली नसते. बॅकअप म्हणून सीईआर जपून ठेवणारे मी बरेच पाहिलेत.

पीएफएक्स नसेल तर माझा मार्ग एकच: क्लोन दुसऱ्या संगणकात बसवून त्यावरूनच जुनं विंडोज बूट करा. विंडोज १० आणि ११ बहुतेकदा परक्या बोर्डवरही उठतात. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की पुन्हा मागेल. लॉगिन पासवर्डनेच करा. पिन बहुधा जुन्या बोर्डच्या चिपला बांधलेला असल्याने चालणार नाही. आणि पासवर्ड आठवत नाही म्हणून रीसेट करणाऱ्या सीडीच्या नादी लागू नका. लॉगिन होईल, फायली उघडणार नाहीत. असं आधीच केलं असेल आणि जुना पासवर्ड आठवला, तर खात्याचा पासवर्ड बदलून पुन्हा तोच ठेवून बघा.

आत गेल्यावर सिफर आज्ञा /सी स्विच लावून एका फाईलवर चालवा. फाईल कोणत्या सर्टिफिकेटने उघडते त्याचा थंबप्रिंट (ओळखीचा लांब कोड) दिसेल. सर्टमॅनेजरमध्ये वैयक्तिक सर्टिफिकेट्स उघडून नेमकं तेच निवडा, कारण तिथे दोन-तीन असू शकतात. एक्स्पोर्ट करताना 'खासगी किल्लीसह' हा पर्याय निवडा, म्हणजे पीएफएक्स फाईल मिळेल. मी पहिल्यांदा घाईत तो सोडला आणि सगळा खटाटोप पुन्हा केला.

५. फायली मोकळ्या करा. नव्या संगणकावर पीएफएक्स इम्पोर्ट करा, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन एन्क्रिप्शनची खूण काढा, मग कॉपी करा. वेगवेगळ्या फोल्डरांमधल्या पाच-सहा फायली उघडून बघा. पीएफएक्सची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि जुनी डिस्क त्यानंतरच पुसायला घ्या.