घरून टीम कशी उभी करायची, शर्लीबाईंच्या पद्धतीने

मुलं झाली म्हणून नोकरी सोडली पण हातातली कला काही गेली नाही, मग ते कोडिंग असो, अकाउंट्स असो की डिझाइन, अशा बायकांसाठी हे लिहितेय. पुरुषांनी वाचलं तरी चालेल, इथे बंदी नाही (शर्लीबाईंच्या कंपनीत जवळपास होती, ते पुढे येतंच).

वर्क फ्रॉम होम लॉकडाऊनमध्ये जन्माला आलं असं ज्यांना वाटतं त्यांनी डेम स्टेफनी शर्ली हे नाव लक्षात ठेवा. 1933 ला जर्मनीत डॉर्टमुंडला जन्म, वडील ज्यू, त्यामुळे 1939 मध्ये पाच वर्षांच्या या पोरीला आणि तिच्या नऊ वर्षांच्या बहिणीला आईवडिलांनी किंडरट्रान्सपोर्टच्या (नाझींपासून वाचवायला मुलांना बाहेर नेणाऱ्या) गाडीत बसवून इंग्लंडला पाठवून दिलं, तिथे एका परक्या जोडप्याने सांभाळलं. पुढे लंडनला पोस्ट ऑफिसच्या संशोधन केंद्रात नोकरी, संध्याकाळच्या क्लासला जाऊन गणिताची डिग्री, मग एक कॉम्प्युटर कंपनी. पण मीटिंगमध्ये तोंड उघडलं की हे तुझं काम नाही म्हणायचे. शेवटी 1962 ला घरातल्या जेवणाच्या टेबलावर, 6 पौंड भांडवलात, त्यांनी फ्रीलान्स प्रोग्रामर्स ही स्वतःची कंपनी काढली. त्या काळी सॉफ्टवेअर मशीनबरोबर फुकट मिळायचं, त्यामुळे ते कोणी विकत घेईल या कल्पनेलाच लोक हसायचे.

तर पहिलं काम, माणसं कुठे शोधायची. जिथे बाकीचे बघतच नाहीत तिथे. बाईंनी लग्न किंवा बाळंतपण म्हणून घरी बसलेल्या, शिकलेल्या, अनुभवी बायका उचलल्या, पहिल्या 300 माणसांत पुरुष फक्त 3! हा काही दयाधर्म नव्हता हं, इतकी हुशार माणसं दुसरं कोणी विचारतच नव्हतं म्हणून यांना मिळाली. तुमच्या सोसायटीत, कॉलेजच्या ग्रुपवर, शाळेच्या गेटपाशी अशा किती जणी आहेत ते एकदा मोजा. पण घेताना मैत्रीण म्हणून घेऊ नका, काम येतं का ते बघूनच घ्या.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, दर कसा लावायचा. तासावर लावू नका, काम उक्तं घ्या. शर्लीबाई ठरलेल्या एकरकमी किमतीत काम घ्यायच्या, त्यांच्या धंद्यात असं करणारे तेव्हा फार थोडे होते. याचा फायदा असा की ग्राहकाला फक्त काम कधी मिळणार आणि किती पैसे हे कळतं, ते दुपारी दोनला केलं की पोरं झोपल्यावर रात्री अकराला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अर्थात उक्तं घेतलं की अंदाज चुकला तर भुर्दंड आपलाच, म्हणून आधी कामाचे बारीक तुकडे पाडा, प्रत्येकाला किती वेळ ते जी ते करणार तिलाच विचारा, वर थोडा जास्तीचा वेळ धरा, आणि मगच आकडा सांगा. बदल मागितला तर वेगळे पैसे, हे लेखी पाहिजे.

काम तुकड्यांत वाटता येणारंच निवडा हेही ओघाने आलं. तेव्हाचं प्रोग्रामिंग बरंचसं कागद-पेन्सिलचं, घरात मशीन नसलं तरी चालायचं, फक्त फोन असला म्हणजे झालं. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग अशाच घरी बसलेल्या बायकांनी केलंय. आता बोला.

लोकांसमोर कसं दिसायचं याचा पण त्यांनी विचार केला होता. स्टेफनी नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरंच येईनात, तेव्हा नवऱ्याने सुचवलं म्हणून स्टीव्ह सही करायला लागल्या आणि लगेच भेटी मिळायला लागल्या, आत शिरल्यावर समोरच्याला कळायचं की ही बाई आहे. फोनवर मागे बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवायच्या 😄 तुम्हाला नाव बदलायची गरज नाही, पण कामाचा वेगळा नंबर आणि कॉल घ्यायची ठरलेली वेळ एवढं ठेवाच.

1975 ला ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा आला आणि त्यांचं बायकांनाच प्राधान्य देणंही बेकायदेशीर ठरलं, मग पुरुष घ्यावेच लागले. पुढे कंपनी वाढत वाढत झान्सा झाली, तिचं ऑफिस पुण्यातही होतं, काही जणांना आठवत असेल.

पार्टनरशिपचं मात्र सुरुवातीलाच बोलून घ्या. बाईंनी स्वतःच्या शेअर्समधून हळूहळू मोठा वाटा कर्मचाऱ्यांना दिला, 1996 ला कंपनी शेअर बाजारात आली आणि त्यातून 70 जण पौंडांत मिलियनेअर झाले. आपल्याकडे पाच जणींचा ग्रुप असतो, नफ्याचं नंतर बघू म्हणतात आणि दिवाळीत पहिलं भांडण होतं.

पैसा आल्यावरचं पण सांगते, कारण निम्म्या आयुष्याची गोष्ट तीच आहे. त्यांचा एकुलता एक मुलगा जाइल्स ऑटिस्टिक (स्वमग्न) होता, 1998 ला पस्तिशीत गेला. बाईंनी जवळपास 7 कोटी पौंड दान केले, पण सगळीकडे थोडं थोडं नाही, स्वतःला कळतात अशा दोनच विषयांत, ऑटिझम आणि आयटी. प्रायर्स कोर्ट ही ऑटिस्टिक मुलांची शाळा त्यातलीच, ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट पण. देणगी द्यायची असेल, हजार रुपयांची का असेना, तर हीच पद्धत वापरा, एक विषय पकडा, तिथे जाऊन बघा, दरवर्षी त्यालाच द्या. आणि संस्था काढलीत तर ती चालवायला दुसरी माणसं तयार करून वेळेवर बाजूला व्हा. बाई 1993 ला साठीच्या आसपास कंपनीतून निवृत्त झाल्या आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये 91 व्या वर्षी गेल्या, म्हणजे खुर्ची सोडल्यावर तीस वर्षं हेच काम.