कीटकांवर फिल्म करताय? मग या चुका टाळा

दर पावसाळ्यात कुणी ना कुणी कीटकांवरची आपली पहिली शॉर्ट फिल्म मला बघायला पाठवतं. कॅमेरे दरवर्षी भारी होत जातात, चुका मात्र त्याच. आणि बहुतेकींचं मूळ एकच: घाई.

सगळ्यात वाईट चूक आधी सांगतो. किडा फ्रिजमध्ये ठेवणं. ‘थंड केला की हलत नाही, निवांत शूट होतं’ हा सल्ला नवख्यांना मिळतोच. आंबोलीला एका टीमने प्रार्थनाकीटक डब्यात घालून मुक्कामाच्या ठिकाणी फ्रिजमध्ये ठेवला होता. बाहेर काढून फांदीवर बसवला. हवा दमट, अंग गार. बघता बघता डोळ्यांवर, मिशांवर बारीक थेंब जमले. दव आयतं मिळालं म्हणून सगळे खूश. पण मॉनिटरवर पुढचे पाय अर्धवट दुमडलेले, मागचा एक पाय लोंबतोय, मिशा लुळ्या. जागा असलेला प्रार्थनाकीटक मान वळवून तुमच्याकडे बघतो; हा समोर हात हलवला तरी ढिम्म. ऊब लागताच धडपडला आणि खाली पडला. एकही शॉट कामाचा नव्हता, त्या जिवाचे हाल झाले ते वेगळेच.

अहो, पहाटेच्या गारव्यात कीटक आपसूकच सुस्त असतात! मी आदल्या रात्री टॉर्च घेऊन कोण कुठे झोपलंय ते हेरून ठेवतो, खुणेला जवळ सुताचा तुकडा बांधतो आणि उजाडायच्या आत ट्रायपॉड लावून बसतो. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर जबड्याने काडी घट्ट धरून झोपतात, बऱ्याचदा रोज त्याच काडीवर. ऊन अंगावर आलं की आधी मिशा हलतात, मग पाय साफ करणं सुरू होतं. हे जागं होणं म्हणजेच तुमचा शॉट. तो फ्रिजमधून कधीच निघणार नाही.

कोशातून फुलपाखराला ‘बाहेर यायला मदत’ करणारेही भेटतात, हातात चिमटा घेऊन. कृपा करून हे करू नका. बाहेर आलेलं फुलपाखरू अंगातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलून ते फुलवतं. त्यात विघ्न आलं तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि ते जन्मात उडत नाही. लिंबावरच्या फुलपाखराच्या कोशातून पंखांची नक्षी दिसायला लागली की बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर येतं. रात्रीच बॅटऱ्या चार्ज करा आणि सकाळी चहालासुद्धा उठू नका.

फोकसचं रडगाणं सगळ्यांचंच. १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी जेमतेम एक-दीड मिलिमीटर शार्प मिळतं. म्हणून आणखी बारीक छिद्राच्या एफ/३२ वर पळू नका, चित्र मऊ, म्हणजे धूसर पडतं. ऑटोफोकस बंद, फोकस डोळ्यावर, आणि कॅमेराच रेलवर, म्हणजे ट्रायपॉडवरच्या सरकत्या पट्टीवर, पुढेमागे सरकवायचा.

घरातले एलईडी लावून सेकंदाला २४० फ्रेम्सवर स्लो मोशन करू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि ते स्पष्ट दिसतं. सूर्यप्रकाश वापरा.

कोळ्याला कीटक म्हणू नका, त्याला आठ पाय असतात. ‘प्रार्थनाकीटकाची मादी नराला खातेच’ हेही निवेदनातून काढा. प्रत्येक वेळी तसं घडत नाही.

भंडारदऱ्याला जूनच्या सुमारास काजवे शूट करायला जाल तेव्हा टॉर्च आणि गाडीचे हेडलाइट बंद. नर-मादी एकमेकांना त्या लुकलुकीवरूनच शोधतात. तुमच्या झोतात ती हरवते. एक शॉट गेला तरी चालेल, त्यांचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो.

राहिला आवाज. नाकतोड्याच्या दृश्यावर रातकिड्याची किरकिर चिकटवणारे रग्गड आहेत. रातकिडा पंखावर पंख घासतो, आखूड मिशांचा नाकतोडा बहुधा पाय पंखावर घासतो. दोघांचा आवाज वेगळा. त्यातून रातकिड्याची लय तापमानाप्रमाणे बदलते, संध्याकाळची किरकिर पहाटेच्या दृश्याला जुळत नाही. प्रत्येक शूटनंतर कॅमेरा बंद करून त्याच जागी नुसता आवाज रेकॉर्ड करा आणि फाइलच्या नावात जागा व वेळ लिहा.