डीव्हीआरची हार्ड डिस्क गेली? बदलण्याआधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एका कापड दुकानदाराचा सकाळी सकाळी फोन आला. "दादा, काल संध्याकाळी गल्ल्यातून पैसे गेले. जरा येऊन रेकॉर्डिंग काढून द्या." गेलो. टीव्हीवर आठही कॅमेरे झक्क दिसत होते, तारीख-वेळ बरोबर. प्लेबॅक उघडला, तर चालू महिन्याच्या कॅलेंडरवर एकही खूण नाही. त्याच्या आधीच्या महिन्यातही नाही. मागे मागे जात शेवटची खूण सापडली ती गुढीपाडव्याच्या आठवड्यातली.

"शेठ, मशीन मध्ये कधी बीप-बीप वाजत होतं का?"

"वाजत होतं की. लई कटकट करायचं. पोरानं सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं."

डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारं ते मशीन, ओरडून सांगत होता की डिस्क गेली, आणि यांनी त्याचं तोंड दाबलं. त्यानंतरचे साडेतीन महिने दुकानात कॅमेरे फक्त शोभेला होते.

लाइव्ह चित्र दिसतंय म्हणजे रेकॉर्डिंग होतंय, हा समज मला दर महिन्याला कुठे ना कुठे भेटतो. कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीवर दाखवायला डीव्हीआरला हार्ड डिस्क लागतच नाही. डिस्क काढून बाजूला ठेवली तरी लाइव्ह दिसतं, मोबाइल ॲपवरही दिसतं. डिस्क लागते ती फक्त साठवायला. म्हणून बझर बंद करू नका, आणि आठवड्यातून एकदा कालच्या दिवसाचं कुठल्याही कॅमेऱ्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग चालवून बघा. चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ जातो.

डिस्कवर खापर फोडण्याआधी

आता याच्या उलट. मेली म्हणून माझ्याकडे येणाऱ्या डिस्कांपैकी बऱ्याच धडधाकट असतात. दोष असतो विजेचा.

एका गावातल्या देवस्थानची तक्रार आली होती की डीव्हीआर रात्रीच बंद-चालू होतो आणि 'हार्ड डिस्क नाही' असं दाखवतो. दिवसा सगळं ठीक. त्यांनी आधी कुणाकडून तरी नवीन डिस्क बसवून घेतली होती, तरी रडगाणं तेच. मी दुपारी गेलो तेव्हा काहीच सापडेना. मग वायर मागोमाग तपासत गेलो, तर कळलं की डीव्हीआरचा स्वतःचा अडॅप्टर जळाल्यावर कुणीतरी कॅमेऱ्यांच्याच १२ व्होल्टच्या एसएमपीएसवरून (कॅमेऱ्यांना वीज देणारा डबा) डीव्हीआरला लाइन दिली होती. अंधार पडला की सगळ्या कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेरे जास्त करंट ओढतात. जुनाट एसएमपीएसचा दम तिथेच संपत होता. व्होल्टेज खाली आलं की डिस्क थांबणार, डीव्हीआर तिला शोधणार, नाही सापडली की रीस्टार्ट. संध्याकाळी सातपर्यंत मुद्दाम थांबलो, मल्टिमीटर लावून ठेवला. दिवे लागताच आकडा १२ वरून १०.४ वर. डीव्हीआरला वेगळा चांगला अडॅप्टर दिला आणि काम संपलं. त्यांची 'मेलेली' जुनी डिस्क आजही माझ्या टेबलावर चाचणीसाठी चालते.

साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा १२ व्होल्टच्या लाइनवर दीड-दोन अँपिअरचा झटका घेते. अडॅप्टर थकला असेल तर डिस्क फिरायचा प्रयत्न करते, थांबते, परत प्रयत्न करते. बाहेरून ऐकताना वाटतं डिस्क टक् टक् करतेय, गेली. म्हणून अडॅप्टर मोजताना एक चूक करू नका: पिन उपसून मोकळ्या अडॅप्टरवर मीटर लावू नका. मोकळा असताना थकलेला अडॅप्टरही ताठ १२ दाखवतो. मोजायचं ते डीव्हीआर जोडलेला आणि डिस्क फिरत असताना.

दुसरी स्वस्त गोष्ट साटा केबल, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणारी. डीव्हीआरच्या आतली ती चपटी केबल वर्षानुवर्षं उष्णतेत कडक होते, कनेक्टर सैल होतो. एकदा काढून घट्ट बसवा किंवा बदला. आणि तिसरी, जी कुणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी. ती संपली की लाइट गेल्यावर डीव्हीआरची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. रेकॉर्डिंग होत असतं, पण भलत्याच तारखेखाली. तुम्ही कालचं शोधता, सापडत नाही, आणि डिस्क गेली असं ठरवून मोकळे होता. 'ओव्हरराइट' (जुनं पुसून त्यावर नवं लिहिणं) बंद असल्यामुळे डिस्क भरून रेकॉर्डिंग थांबलं, हेही तसंच एक खोटं मरण.

डीव्हीआर सतत रीस्टार्ट होत असेल तर डिस्कच्या दोन्ही केबल काढून अर्धा तास चालवा. तरीही रीस्टार्ट झाला तर डिस्कला दोष देऊ नका. शांत चालला, तर डिस्क किंवा तिला मिळणारी वीज, दोघांपैकी एक.

खरंच गेलीय का, ते आकड्यांत बघा

बहुतेक डीव्हीआरच्या स्टोरेज मेनूत 'स्मार्ट' नावाचं, डिस्कची तब्येत सांगणारं पान असतं. नसेल तर डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बघा. एवढ्या ओळींपैकी मी चारच वाचतो.

'रीअलोकेटेड सेक्टर' म्हणजे खराब झालेल्या जागा, ज्या डिस्कने बाद करून राखीव जागेतून भरून काढल्या. 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे वाचता न आलेल्या, अजून निकाल न लागलेल्या जागा. हे दोन आकडे शून्याच्या वर असणं वाईट, पण आठवड्याभरात वाढत असतील तर नवीन डिस्क मागवाच. 'यूडीएमए सीआरसी एरर', म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर आधी केबलकडे बघा. हा आकडा केबल बदलल्यावरही खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. चौथा 'पॉवर-ऑन अवर्स', म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली. वर्षाचे तास ८,७६०. तीन वर्षं अखंड चाललेली डिस्क २६,२८० तास दाखवते, आणि तिच्याकडून पुढची अपेक्षा जपूनच ठेवावी.

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. डीव्हीआरची डिस्क विंडोजला जोडली की "डिस्क इनिशियलाइज करायची का? फॉरमॅट करायची का?" असं विचारलं जातं. डीव्हीआर स्वतःच्या पद्धतीने लिहितो, विंडोजला ती मांडणी कळत नाही, म्हणून तो रिकामी समजतो. 'ओके' दाबलंत की रेकॉर्डिंग सापडायचं काम दहापट अवघड करून ठेवलंत. रद्द करा, फक्त आकडे वाचा आणि डिस्क काढून घ्या. तिच्यावर 'चेकडिस्क' (विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं साधन) चालवायचा तर विचारही नको.

रेकॉर्डिंग हवं असेल तर

चोरी, अपघात, भांडण, काहीही घडलं असेल आणि डिस्क कुरकुरत असेल, तर दुरुस्ती नंतर. आधी नेमका हवा तो तास, हव्या त्या कॅमेऱ्याचा, पेनड्राइव्हवर काढा. लोक "सगळ्या आठवड्याचं काढून ठेवू" म्हणून रात्रभर कॉपी लावतात, आणि मरायला टेकलेली डिस्क नेमक्या त्या तासाच्या आधी जीव सोडते. हवं ते मिळाल्याशिवाय डीव्हीआरमध्ये फॉरमॅटचं बटण दाबू नका. "फॉरमॅट मारून बघू, चालली तर चालली" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

कॉपी होतच नसेल आणि डिस्कमधून स्पष्ट टकटक येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आतलं हेड तबकडीला घासत असेल तर प्रत्येक वेळी थोडं अधिक खरवडलं जातं. ती डिस्क रिकव्हरीवाल्याकडेच जाऊ द्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना जुगाड तर अजिबात नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

पोलिसांत तक्रार झाली असेल तर डिस्क बदलण्याआधी तपास अधिकाऱ्याला विचारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइलच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) लिहावी लागते. मूळ डिस्क तुम्ही भंगारात घातली असेल तर पुढे उत्तरं देत बसाल.

नवीन डिस्क घेताना

"जुन्या कॉम्प्युटरची पडलीय, ती घाला ना." हे दुकानदारांचं लाडकं वाक्य. दोन महिने चालतेही. हिशोब करून बघा. २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी लिहितो. असे आठ कॅमेरे म्हणजे दिवसाला सुमारे १७३ जीबी, वर्षाला ६३ टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी). साध्या डेस्कटॉप डिस्कला साधारण वर्षाला ५५ टीबीचंच काम झेपेल असं धरलेलं असतं, तेही दिवसातले काही तास. सीसीटीव्हीसाठीच्या डिस्का, म्हणजे डब्ल्यूडीची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक, चोवीस तास आणि वर्षाला १८० टीबीच्या हिशोबाने बनवलेल्या असतात.

फरक नुसत्या दणकटपणाचा नाही, स्वभावाचाही आहे. डेस्कटॉप डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही तर ती हट्टाने पुन्हा पुन्हा वाचत बसते, कारण कॉम्प्युटरवर एक अक्षरही हरवून चालत नाही. तेवढ्यात डीव्हीआरला वाटतं डिस्क गेली. सीसीटीव्हीची डिस्क एखादं चित्र सुटलं तर सोडून पुढे जाते.

त्याच हिशोबातून दुसरं उत्तर मिळतं. "एक टीबी टाका, महिनाभर येईल ना?" नाही येणार. वरच्या आठ कॅमेऱ्यांना १ टीबी साडेपाच दिवस पुरते. महिना हवा तर ६ टीबी लागते. पण ६ टीबी आणण्याआधी डीव्हीआरचं मॉडेल बघा. प्रत्येकाची प्रत्येक साटा पोर्टला कमाल मर्यादा ठरलेली असते. जुन्या मशीनांत ती २ टीबीपर्यंतच असायची. मोठी डिस्क घातली तर ओळखतच नाही, किंवा अर्धीच दाखवते.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, निम्म्या भावात 'नवीन' डिस्क मिळाली की आनंदून जाऊ नका. दुकानातच जोडून पॉवर-ऑन अवर्स बघा, आणि लेबलवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा. काही विक्रेते तासांचा आकडाही शून्य करून विकतात, म्हणून दोन्ही बघायचं.

बसवताना

डीव्हीआर मेनूतून शटडाउन करा, मग अडॅप्टर काढा, मग अर्धा मिनिट थांबा. तबकडी फिरत असताना मशीन उलटं केलं की चांगली डिस्कही जाते, आणि उलटं करावंच लागतं, कारण स्क्रू बुडाकडून असतात. उघडल्यावर केबलचा मोबाइलवर फोटो काढा. डिस्क कडेने धरा, खालच्या हिरव्या बोर्डाला बोट लावू नका. स्क्रू तिचेच वापरा, डब्यातला कुठलाही लांब स्क्रू पिळला तर तो आत बोर्डाला टेकतो. चारही स्क्रू हाताने दोन-दोन आटे लावून घ्या, मग आवळा.

आत पालीची अंडी, झुरळं, अगरबत्तीची राख, हे सगळं मी पाहिलंय. ब्रशने झटका, पंखा फिरतो का बघा. देवघराखालच्या बंद कपाटात ठेवलेल्या डीव्हीआरमध्ये कुठलीही भारी डिस्क घाला, उन्हाळ्यात भाजूनच निघणार. जाळीचं दार करून घ्या.

चालू केल्यावर डीव्हीआरच्या मेनूतूनच फॉरमॅट करा. काही मशीनांत त्याला इनिशियलाइज म्हणतात. मग ओव्हरराइट चालू, तारीख बरोबर, बझर चालू, आणि रेकॉर्डिंग वेळापत्रक प्रत्येक चॅनेलला लागलंय का हे एकेक करून बघा. सात कॅमेरे रेकॉर्ड होतात आणि गल्ल्यावरचा आठवा वेळापत्रकात राहून जातो, हे माझ्या स्वतःच्या हातून घडलंय. म्हणून आता दुसऱ्या दिवशी फोन करून गिऱ्हाइकाकडून प्रत्येक कॅमेऱ्याचं प्लेबॅक उघडून घेतो. डिस्कवर मार्करने बसवल्याची तारीखही लिहितो.

उरते जुनी डिस्क. फॉरमॅट केली म्हणजे त्यातलं पुसलं गेलं असं नाही. तुमच्या दुकानात, सोसायटीच्या जिन्यात कोण कधी आलं-गेलं ते तिच्यात असतं. भंगारवाल्याला देणार असाल तर आधी ड्रिलने तबकडीतून आरपार दोन भोकं पाडा. वॉरंटीत असेल तर मात्र भोक पाडता येत नाही, अख्खी द्यावी लागते. अशी डिस्क चालत असेल तर कॉम्प्युटरला लावून पूर्ण शून्याने भरायला लावतो. २ टीबीला चार-पाच तास सहज लागतात, म्हणून दुकान बंद करताना लावून जातो आणि सकाळी कुरिअर करतो.