रूममेटने भाडं थकवलं तर काय कराल?

आधी करार काढा. सह्या कोणाकोणाच्या आहेत ते बघा. एकाच करारावर दोघांच्या सह्या असतील, तर ‘अर्धं माझं, अर्धं त्याचं’ ही वाटणी सहसा तुमच्या आपापसातली. ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ जबाबदार असं लिहिलेलं असेल, तर घरमालक पूर्ण भाडं एकट्या तुमच्याकडूनही मागू शकतो. करार वेगवेगळे असतील, तर त्याची थकबाकी सहसा त्याची. करार फक्त तुमच्या नावावर असेल, तर मालकाला पूर्ण भाडं तुम्हीच देणं लागता.

मग समोरासमोर बोला. नोकरी गेल्यामुळे थकलंय की द्यायचंच नाहीये, ते समजून घ्या. नोकरी गेली असेल तरच हप्ते पाडून द्या. बोलणं झालं की त्याच दिवशी मेसेज टाका: ‘आज ठरल्याप्रमाणे मागच्या महिन्याचा तुझा वाटा तू १५ तारखेपर्यंत देणार आहेस. बरोबर ना?’ नुसतं ‘हो’ आलं तरी तो पुरावा झाला. टोमणे मारू नका. हा मेसेज उद्या तिसरा माणूस वाचेल असं धरूनच लिहा.

ऐपत असेल तर पूर्ण भाडं वेळेवर भरा. चीड येते, मान्य. पण स्वतःचा वाटा तेवढा भरून हात झटकलेत, तर घर खाली करण्याची नोटीस दोघांनाही येऊ शकते. पैसे बँकेतूनच द्या, त्याच्या वाट्याचे किती ते लिहून ठेवा. झेपत नसेल तर तारीख उलटायच्या आत मालकाला सांगा. दुसऱ्याकडून कळलं की मालक बिथरतात.

कुलूप बदलू नका. करारात नाव आहे तोवर घरावर त्याचाही हक्क आहे. त्याचं सामान बाहेर काढलंत किंवा अडकवून ठेवलंत, तर उलट तुमच्यावरच तक्रार होऊ शकते.

तो जायला तयार असेल तर मालकाच्या संमतीने त्याचं नाव करारातून लेखी काढून घ्या. नुसता बॅग भरून गेला, तर करारातली जबाबदारी तशीच राहते. थकबाकी त्याच्या डिपॉझिटमधून वळती करायची असेल, तर तेही तिघांच्या सह्यांनिशी.

तरीही पैसे येत नसतील तर रक्कम, महिने आणि शेवटची तारीख घालून लेखी मागणी पाठवा. त्यानंतर दावा. छोट्या रकमांसाठी बऱ्याच देशांत सोपी न्यायालयीन प्रक्रिया असते, पण दाव्याला कायद्याने मुदतही असते, तेव्हा फार रेंगाळू नका.