सातशे सत्याहत्तरचा मोह

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत सिस्टीम बघायला लागलो तो मे महिना. खरिपाची घाई, आणि तीस-चाळीस जणांच्या फायली एकाच सांबा सर्व्हरवर (सांबा म्हणजे लिनक्सवरच्या फायली विंडोजवाल्यांना वाटून देणारा प्रोग्रॅम). दुसऱ्याच दिवशी डिस्पॅचचा पोरगा दारात उभा. "ओ सर, दरपत्रक उघडंना की! खरेदीवाल्या मॅडमला उघडतंय."

मी सगळ्या शेअरवर, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक जागेवर, सीएचमॉड ७७७ मारला; परवानगी बदलायच्या या आज्ञेने सगळ्यांना सगळं खुलं होतं. सगळे खूश. तिसऱ्या दिवशी त्याच पोराने साहेबांचा पगार सगळ्यांना सांगितला! मग घाबरून सरसकट ६६० केलं (मालकाला आणि फायलीच्या ग्रुपला वाचणं-लिहिणं, बाकीच्यांना काही नाही), आणि एकाही फोल्डरमध्ये कुणाला शिरता येईना. फायलीला एक्झिक्यूट, म्हणजे चालवायचा हक्क, नसला तरी चालतं. फोल्डरला तो नसेल तर नावं दिसतात, पण दार बंद. हे मी पुस्तकात वाचलं होतं. कळलं त्या दुपारी.

निस्तरायला रात्र गेली. आता पहिलं काम गेटएफएसीएल ही आज्ञा चालवून परवानग्यांची आहे ती स्थिती फाईलमध्ये उतरवून ठेवणं. बिघडलं तर सेटएफएसीएलच्या रिस्टोअरने तसंच्या तसं परत येतं. मग आधी ग्रुप दुरुस्त करायचा, आणि फाइंड ही शोधायची आज्ञा वापरून फोल्डरला २७७०, फायलींना ६६०, असे वेगवेगळे आकडे द्यायचे. ७७० म्हणजे मालकाला आणि ग्रुपला आत शिरण्यासकट सगळं. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी: आत तयार होणारी नवी फाईल फोल्डरचाच ग्रुप घेते.

एवढं करूनही आठवड्याने तेच रडगाणं. सांबाचा क्रिएट मास्क, म्हणजे नव्या फायलीला जास्तीत जास्त किती परवानगी द्यायची ती मर्यादा, मुळात ०७४४ असतो, म्हणजे ग्रुपला नुसतं वाचायला मिळतं. तो ०६६० केला. तरी मॅडमच्या फायली अडायच्याच. शेवटी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. त्या दरपत्रक खरेदीच्या फोल्डरमध्ये बनवायच्या आणि कट करून सामायिक फोल्डरमध्ये पेस्ट करायच्या. एकाच शेअरमध्ये हलवलेली फाईल नवी जन्मत नाही, नुसता पत्ता बदलते; जुना ग्रुप, जुनी परवानगी सोबत घेऊन येते. सासरी आली तरी माहेरचंच नाव लावते म्हणा. कॉपी केली असती तर भानगडच नव्हती.

तेव्हापासून तक्रार आली की टर्मिनल उघडण्याआधी मी विचारतो, "फाईल कॉपी केली होती का कट?" मॅडमना तर आता विचारावंही लागत नाही. दारातूनच सांगतात, "कॉपीच केलीय हो!"