कपाटातला सायऑन पुन्हा लिहिता करताना

आखातात नाहीतर इंग्लंडात नोकरीला असलेल्या मामा-काकांनी पंचवीस वर्षांपूर्वी आणलेला सायऑन, म्हणजे कीबोर्डवाला, हातात मावणारा छोटा संगणक, तुमच्या घरी कपाटात पडून असेल, तर तो भंगारात घालू नका. सीरिज ५ किंवा ५ एमएक्स असेल तर मुळीच नको. थोडी निगा आणि दोन पेन्सिल सेल एवढ्यावर तो आजही लिहायला बसतो. मी रोजचं पहिलं लेखन त्यावरच करतो, खानापूर-बेळगाव बसमध्येसुद्धा. म्हणून हे सगळं नीट क्रमाने सांगावंसं वाटतं.

आधी यंत्राची ओळख. सीरिज ५ हे १९९७ चं, ५ एमएक्स १९९९ चं. एमएक्समध्ये ३६ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, १६ एमबी मेमरी आणि ६४० बाय २४० ठिपक्यांचा करड्या छटांचा टचस्क्रीन. आज हे आकडे किरकोळ वाटतात, पण खरी करामत कीबोर्डात आहे. झाकण उघडलं की कीबोर्ड पुढे सरकतो आणि स्क्रीन मागे रेलून टेकतो, त्यामुळे मांडीवर ठेवून टाइप करतानाही यंत्र मागे कलंडत नाही. हा कीबोर्ड मार्टिन रिडिफर्ड यांनी घडवला. २०१८ मध्ये आलेल्या जेमिनी या अँड्रॉइड यंत्राचा कीबोर्डही त्यांच्याच हातचा. सायऑनची आतली प्रणाली होती ईपॉक. तिचीच पुढे सिम्बियन झाली आणि नोकिया ६६०० सारख्या फोनमधून ती आपल्याकडेही घरोघरी पोचली. २००१ मध्ये कंपनीने हातात मावणारे संगणक बनवणं थांबवलं, त्यामुळे आता नवा सुटा भाग कंपनीकडून मिळायचा नाही. जे हातात आहे ते जपून वापरायचं.

सेल घालण्याआधी

यंत्राला दोन तऱ्हेचे सेल लागतात: दोन पेन्सिल सेल (एए), आणि मेमरी सांभाळायला सीआर २०३२ हा बटण सेल. दोन्ही खण उघडून उजेडात पाहा. जुना सेल आतच राहिला असेल तर स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट पूड दिसेल. अल्कलाइन सेलमधून गळणारं द्रव्य क्षारयुक्त असतं, म्हणून ते मारायला आंबट काहीतरी लागतं. कानकोरण्याच्या कापसावर पांढऱ्या व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन फक्त धातूवर फिरवा. फेस येऊन थांबला की कोरड्या कापसाने टिपा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हातात मोजे असू द्या, ती पूड डोळ्यांत जाता कामा नये. खण ओला असताना सेल घालायचा नाही, एक रात्र तसाच उघडा ठेवायचा. पावसाळ्यात करत असाल तर दोन रात्री.

घरात पडलेला कुठलातरी अॅडॉप्टर त्या भोकात बसतो म्हणून लावू नका. व्होल्ट किंवा प्लस-मायनस चुकलं तर यंत्र कायमचं गेलं. सेलवर चालवा, तेच बरं. बॅकलाइट न लावता चांगले अल्कलाइन सेल साधारण दहा ते वीस तास जातात. रिचार्जेबल सेलही चालतात, पण ते १.२ व्होल्टचे असल्यामुळे यंत्राचा बॅटरीचा काटा फसतो.

सेल घालण्याचा क्रम यंत्राच्या इतिहासावर ठरतो. परवापरवापर्यंत चालू होतं आणि आत्ताच बंद पडलं असेल, तर बटण सेलला हात न लावता आधी नवे पेन्सिल सेल घाला. आतलं लेखन त्या बटण सेलच्या जोरावरच जिवंत असतं. पेन्सिल सेल बसले, यंत्र चालू झालं, मग बटण सेल बदला. दोन्ही एकाच वेळी कधीच काढायचे नाहीत. वर्षानुवर्षं कपाटात पडून असलेल्या यंत्राला हा नियम लागू नाही. त्याचे दोन्ही सेल केव्हाच मेलेले असतात. तिथे दोन्ही नवे घाला.

एस्केपची कळ हीच चालू करण्याची कळ. दाबली की त्याच क्षणी पडदा येतो. नाही आला तर लगेच रिसेटच्या मागे लागू नका. काँट्रास्ट अगदी उतरलेला असेल तरी पडदा कोरा दिसतो, त्याची चिन्हं कळांवरच छापलेली आहेत. रिसेट करावाच लागला तर साधा रिसेट करा, दोन्ही शिफ्ट कळा दाबून धरलेला रिसेट नको. त्याने आतलं सगळं पुसलं जातं.

पडद्यावर रेघा दिसल्या तर

सीरिज ५ चं हे जुनं दुखणं. स्क्रीनला मूळ बोर्डाशी जोडणारी पातळ फ्लेक्स पट्टी बिजागरीतून जाते. हजारदा उघडझाप झाली की ती चिरते. आधी पडद्यावर आडव्या रेघा येतात, मग विशिष्ट कोनात पडदा कोरा होतो, शेवटी काहीच दिसत नाही. रेघा थोड्याच असतील तर यंत्र ज्या कोनात नीट दिसतं त्या कोनात उघडून टेबलावरच ठेवा आणि उघडझाप कमी करा. असं वापरून ते बराच काळ चालतं.

पट्टी बदलायची तर यंत्र पूर्ण खोलावं लागतं, आणि नवी पट्टी या यंत्राच्या वेड्यांनी बनवून घेतलेली परदेशातूनच मागवावी लागते. हे काम पहिल्यांदाच घरी करून पाहू नये असं माझं ठाम मत आहे. बेळगावात लॅपटॉप आणि मोबाइलच्या पडद्यांची फ्लेक्स रोज बदलणारे हुशार कारागीर आहेत. त्यांनी सायऑन पाहिलेला नसेल, पण त्यांच्या हाताला ही जात ओळखीची असते. पट्टी आधी मागवून घ्या, यंत्र खोलल्याचे फोटो सोबत न्या आणि घाई नाही असं स्पष्ट सांगा. घाईत बिजागरीचं प्लास्टिक मोडलं तर ते कुठेच मिळत नाही.

कीबोर्ड मऊ ब्रशने झाडा, कळा उपसून काढू नका. पडद्यावर पेन टेकवलं एकीकडे आणि उमटलं दुसरीकडे असं होत असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन पडदा पुन्हा जुळवून घ्या.

जुनं लेखन बाहेर काढणं

बऱ्याच जणांना यंत्रापेक्षा आतल्या मजकुराची ओढ जास्त असते, आणि ते योग्यच आहे. कुणाच्या वडिलांच्या नोंदी असतात, कुणाचं अर्धवट लिहिलेलं काही. इथे एक गोष्ट कडू असली तरी सांगायला हवी: यंत्राचं आतलं साठवण म्हणजे मेमरीच. दोन्ही सेल संपले की ते गेलं. ते परत आणणारं कुणीही नाही, तसं सांगून पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आशा दोन जागी. पहिली म्हणजे बाजूच्या खाचेतलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. त्यावरच्या फायली सेल नसला तरी टिकतात. दुसरी जागा म्हणजे घरातला जुना डेस्कटॉप. सायविन नावाच्या प्रोग्रॅमने यंत्र संगणकाला जोडलं जायचं आणि बॅकअप संगणकावर पडायचा. जुनी हार्ड डिस्क अजून माळ्यावर असेल तर ती आधी तपासा.

कार्ड वाचायला कार्ड रीडर लागतो आणि हल्लीच्या रीडरला ही मोठी खाच नसते. त्यासाठी मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. लग्नाचे फोटो काढणारे जुने स्टुडिओ शोधा. त्यांचे आधीचे मोठे डिजिटल कॅमेरे याच कार्डावर चालायचे, त्यामुळे रीडरही असतो आणि कधीकधी १२८ किंवा २५६ एमबीची जुनी कार्डंही पडून असतात. सायऑनला अशीच छोटी कार्डं मानवतात. मोठं नवं कार्ड घालून हात पोळून घेण्यात अर्थ नाही. रीडर हाती आला की पहिलं काम: कार्डावरचं सगळं जसंच्या तसं लॅपटॉपवर उतरवून ठेवा. त्यानंतरच कार्डावर काही लिहा.

उतरवलेल्या फायली लॅपटॉपवर उघडणार नाहीत. सायऑनच्या वर्डची स्वतःची तऱ्हा आहे. पण तुमच्याजवळ चालतं यंत्र असेल तर तेच सगळ्यात चांगलं रूपांतर करून देतं: फाइल कार्डावर ठेवा, यंत्रात उघडा आणि फाइल मेनूतून टेक्स्ट म्हणून एक्स्पोर्ट करा. तो साधा मजकूर जगातला कुठलाही संगणक वाचतो. यंत्र अजिबात चालत नसेल तर लिनक्सवरचा सायकॉन्व्ह हा छोटा प्रोग्रॅम त्याच फायली वाचतो. केबलचा मार्गही आहे, पण सायऑनच्या बाजूची केबल वेगळ्याच टोकाची असते, ती सहज मिळत नाही आणि पुढे सिरीयल ते यूएसबी जोडणी, जुनं विंडोज असा सगळा खटाटोप लागतो. लिनक्सवाल्यांना त्यासाठी पीएलपीटूल्स हा प्रोग्रॅम आहे. बाकीच्यांनी कार्डावरच थांबावं.

मराठी कशी लिहायची

या यंत्रात देवनागरी नाही, आणि सहजी बसवताही येत नाही. इथे बरेच जण हिरमुसतात. पण सीमाभागातल्या आपल्या माणसाला मराठी लिहायची नसेल तर यंत्र जागं करून उपयोग काय? यावर उपाय आहे आणि तो मला मनापासून आवडतो: आयट्रान्स. म्हणजे रोमन अक्षरांत ठरावीक नियमाने लिहायचं, आणि नंतर लॅपटॉपवर अक्षरमुख या फुकट साधनात टाकून एका झटक्यात देवनागरी करून घ्यायचं.

नियम फार थोडे आहेत. त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांतला फरक स्मॉल-कॅपिटलने होतो: स्मॉल टी म्हणजे त, कॅपिटल टी म्हणजे ट. कॅपिटल एन म्हणजे ण, कॅपिटल एल म्हणजे ळ. दीर्घ स्वरांनाही कॅपिटल: ए म्हणजे आ, आय म्हणजे ई, यू म्हणजे ऊ. 'पाणी' लिहायचं तर स्मॉल पी, कॅपिटल ए, कॅपिटल एन, कॅपिटल आय (pANI). 'बेळगाव' लिहायचं तर बी, ई, कॅपिटल एल, ए, जी, कॅपिटल ए, व्ही, आणि शेवटी परत ए (beLagAva).

तो शेवटचा ए विसरायचा नाही. नुसत्या व्हीवर थांबलात तर 'बेळगाव्' असं पाय मोडलेलं अक्षर येतं. मोबाइलवर रोमन मराठी लिहायची सवय असलेल्या माणसाच्या हातून सुरुवातीला हा ए हमखास सुटतो. दोन-तीन पानं लिहिली की बोटं शिकतात. शिफ्ट दोन्ही बाजूंना असल्यामुळे कॅपिटल टाकताना अडखळायला होत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष मोबाइलपेक्षा कितीतरी जास्त राहतं, कारण इथे यंत्र शब्द सुचवत नाही. जे लिहाल ते तुमचंच.

रूपांतरानंतर काही जागा हाताने तपासाव्या लागतात. 'दऱ्याखोऱ्या', 'पुढाऱ्यांनी' यांतला अर्धा र, आणि 'बॅग', 'ऑफिस' यांतले अर्धचंद्र. यासाठी मी लिहितानाच अशा शब्दापुढे तारा टाकतो आणि नंतर लॅपटॉपवर तारे शोधत जातो. मधला इंग्रजी शब्दही ऐकू येतो तसा मराठी पद्धतीनेच लिहून टाकावा, नाहीतर रूपांतरात त्याचं भलतंच काही होतं.

कन्नडचंही असंच जमतं. तेच रोमन लेखन अक्षरमुखात कन्नड लिपीत उतरवता येतं, तेव्हा ज्यांच्या घरात दोन्ही भाषा नांदतात त्यांना ही पद्धत दुप्पट उपयोगाची.

रोजचा वापर

मी वर्डमध्ये एकच मोठी फाइल ठेवत नाही. रोजची नवी फाइल, नावात तारीख, आणि साठवण थेट कार्डावर, आतल्या मेमरीत नाही. म्हणजे सेल दगा देवो की यंत्र, लेखन सुरक्षित. आठवड्यातून एकदा टेक्स्ट काढून लॅपटॉपवर.

शीट या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये भिशीचा हिशेब मजेत बसतो. अजेंडा ही डायरीही चांगली आहे, पण फोन असताना ती कुणी भरणार नाही, सोडून द्या. यंत्राची खरी जागा म्हणजे जिथे सलग लिहायचं असतं आणि चार्जिंगचं ठिकाण नसतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत फोनला रेंज नसली तरी याचं काही अडत नाही. संमेलनाच्या मांडवात दिवसभर टिपणं घ्यायला यासारखं दुसरं नाही: दुपारच्या उजेडात पडदा बॅकलाइटशिवाय वाचता येतो आणि मधे कुणाचा मेसेज येत नाही. अंधाऱ्या सभागृहात मात्र पडदा फिका वाटतो. बॅकलाइट लावला तर सेल भराभर उतरतात, म्हणून बसताना खिडकीजवळची जागा धरावी.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा, त्यातही खानापूरच्या पश्चिमेची, अशा यंत्रांना मानवत नाही. संपर्कांवर गंज चढतो, आणि काही यंत्रांवरचा रबरी लेप चिकट होतो. लेप चिकटायला लागलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळूहळू पुसून काढा. खाली साधं प्लास्टिक निघतं, ते दिसायला वाईट नाही. वापरात नसताना यंत्र घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या दर महिन्याला बदला. महिनाभर हात लागणार नसेल तर कार्डावर सगळं उतरलंय याची खात्री करून पेन्सिल सेल काढून ठेवा. बटण सेलही वर्षातून एकदा बदलत जा, बदलल्याची तारीख कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून यंत्राच्या तळाला लावा.